कडक लागणारी गाडी मुळात कडक नव्हतीच : कुडाळच्या गॅरेजमधला सस्पेन्शन सेटिंगचा अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका गॅरेजचा आहे पण गॅरेजचं नाव देणार नाहीये, कारण मिस्त्री एकटेच आहेत, हाताखाली एक पोरगा, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की नाव टाकू नको, गर्दी झाली की काम बिघडतं. कुडाळमध्ये एमआयडीसीच्या बाजूला आहेत एवढं पुरे, त्या भागात कोणालाही विचारा शॉकअपवाले मिस्त्री कुठे, दाखवतील.

गाडी माझी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, स्पोक व्हीलवाली, २०२३ ला ॲडजस्टेबल सस्पेन्शन घेऊन आली ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२० ला इकडे पहिली ३९० ॲडव्हेंचर आली तिला पुढे काहीच फिरवता येत नव्हतं, मागे फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायचा ते. ह्या व्हेरियंटला पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या) कम्प्रेशन (फोर्क किती सहज दबतो ते) आणि रिबाउंड (दबल्यावर किती पटकन परत उठतो ते) दोन्हीचे ३० क्लिक, म्हणजे स्क्रूच्या तीस पायऱ्या, मागे रिबाउंडचे २० क्लिक आणि प्रीलोडच्या १० स्टेप. मी ही गाडी ह्याच्यासाठीच घेतली, आणि खरं सांगायचं तर दोन पावसाळे काढले तरी हे सगळं नीट वापरलं नव्हतं.

कणकवलीला राहतो, आठवड्यातून तीन दिवस कामाला मालवणला. हायवेने कसाल, तिथून आत वळून कट्टा आणि मग मालवण. हायवे चौपदरी काँक्रीटचा, तिथे काय त्रास नाही, जॉइंटवर ठक ठक होते तेवढीच. कसालपासून पुढे मात्र रस्ता म्हणजे वळणं, पॅच, पॅचवर पॅच, मोरीच्या आधी उंचवटा आणि मोरीच्या नंतर खड्डा, चिऱ्याचे ट्रक जाऊन जाऊन कडा तुटलेल्या, आणि जुलैमध्ये तर खड्डा कुठला आणि साचलेलं पाणी कुठलं ते चाक आत गेल्यावरच कळतं. मागच्या वर्षी एका ठिकाणी सर्व्हिसिंग करून आणली (ते ठिकाण कुडाळचं नाही, आणि नाव घेत नाही) आणि तेव्हापासून गाडी अशी काही कडक लागायला लागली की मालवणला पोचेपर्यंत मनगटं भरून यायची, मानेत कळ. वाटलं सवयीचा भाग असेल. मग वाटलं टायर. टायरमधली हवा कमी करून बघितली, गाडी वळणात जड झाली, परत भरली.

मग मी हात घातला कम्प्रेशनला. डाव्या फोर्कच्या डोक्यावर पांढरा स्क्रू असतो तो कम्प्रेशनचा, उजव्यावर लाल तो रिबाउंडचा. मी १५ वर होतो, पूर्ण बंद करून तिथून मोजायचे असतात क्लिक, तर १५ वरून १८, मग २०, मग २२. कडक आहे तर ढिलं करा, सरळ हिशोब वाटला. फरक काय पडला तर फोंडा घाट उतरताना ब्रेक मारला की गाडीचं नाक जमिनीला लागतंय की काय असं व्हायला लागलं, आणि खड्ड्यातले दणके होते तसेच. उलट जास्त. हे मला कळेना. ढिली करतोय तर कडक कशी होतेय.

शेवटी एका मित्राने कुडाळचा पत्ता दिला. सकाळी साडेनऊला गेलो, मिस्त्री चहा घेत होते. साठीच्या आसपासचं वय, मुंबईत बरीच वर्षं काढून गावी परतलेले. मी सांगायला सुरुवात केली, काका पुढसून लय कडक लागता, हात भरान येतत, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडीकडे न जाता मला विचारलं, वजन किती तुझा? ८२. रोज मागे कोण बसता? कोण नाय, एकटोच. बॅग? लॅपटॉप आणि डबा. सगळं एका वहीत लिहिलं. माझ्या मते अर्धा रिव्ह्यू इथेच झाला, कारण इतक्या वर्षांत कुठल्याही गॅरेजमध्ये मला कोणी माझं वजन विचारलेलं नाही, आणि सस्पेन्शनचं काम वजन विचारल्याशिवाय होतं तरी कसं.

"आधी हवा बघूया." स्वतःच्या गेजने बघितली, गाडी थंड होईपर्यंत थांबून. मग चेन, मग स्टीअरिंगची बेअरिंग, पुढचं चाक उचलून हँडल इकडून तिकडे सोडून बघितलं कुठे अडकतंय का. म्हणाले बेअरिंगला खड्डा पडला असेल तर माणूस सस्पेन्शनला शिव्या घालत बसतो आणि दोष तिथे नसतोच. माझी बेअरिंग ठीक होती.

आता मुख्य गोष्ट, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सविस्तर लिहितो. त्यांनी मला समोर उभं केलं, पुढचा ब्रेक दाबून धरला, हँडलवर सगळं वजन टाकून फोर्क खाली दाबला आणि एकदम सोडला. "बघ हा." फोर्क खाली गेला पटकन, आणि वर येताना सावकाश, सावकाश, शेवटचं बोटभर अंतर तर असं की थांबलाच वाटावं. "बघ, म्हस उठता तशी उठता." मग लाल स्क्रूला पेचकस लावला आणि क्लिक मोजत बंद करत गेले, एक, दोन, तीन, आणि बंद. ३० पैकी फक्त ३ क्लिक उघडा होता. "ह्यो कोणी फिरयल्यान?" मी तर कधी हातच लावला नव्हता. सर्व्हिसिंगला तिकडे कोणीतरी फिरवला असणार, दुसरा कोण. त्याच्यावर मी उगाच कम्प्रेशन ढिलं करत बसलो होतो.

"झिला, कडक नाय आसा ती. तिका वर येवकच गावना नाय."

मला लगेच कळलं नाही म्हणून त्यांनी हाताने दाखवलं. पहिला खड्डा आला, चाक वर गेलं, फोर्क समजा ६० मिलिमीटर दबला. रिबाउंड मोकळं असतं तर दुसरा खड्डा येईपर्यंत फोर्क परत उठून तयार असता. इथे रिबाउंड आवळलेलं, तेल बारीक वाटेने सरकतंय, स्प्रिंग ढकलतोय पण फोर्क उठत नाही, २० च मिलिमीटर वर आला तोवर दुसरा खड्डा, मग तिथून परत ६० खाली, मग तिसरा, चौथा. असं करत करत फोर्क तळाला जाऊन बसतो आणि तिथे त्याच्याकडे दबायला जागाच उरत नाही, मग प्रत्येक दणका थेट मनगटात. आणि मी वरून कम्प्रेशन ढिलं केलं होतं म्हणजे प्रत्येक खड्ड्याला तो आणखी खोल जात होता. कसाल मालवण रस्त्यावर तर खड्डे एकटे येतच नाहीत, चार चार पाच पाच ओळीने, म्हणून हायवेला कमी त्रास आणि आतल्या रस्त्याला जास्त. सगळं कोडं सुटलं.

मला पटावं म्हणून त्यांनी एक झिप टाय घेतला, केबल बांधायचा प्लास्टिकचा पट्टा, आणि फोर्कच्या खालच्या चकचकीत नळीवर सीलच्या (तेल अडवणारी रबरी कडी) बरोबर खाली बांधला, सैलही नाही घट्टही नाही. ह्या गाडीचा फोर्क उलटा असतो, जाड नळी वर आणि बारीक नळी खाली, त्यामुळे फोर्क जेवढा दबेल तेवढा तो पट्टा खाली ढकलला जातो आणि तिथेच राहतो. म्हणाले काही न बदलता एक फेरी मारून ये, सेटिंग माझं जुनंच, गॅरेजपासून साधारण दोन किलोमीटर जाऊन परत, मध्ये एक खराब पॅच आहे तिथून. आलो, बघतो तर पट्टा जवळजवळ तळाला. पट्टीने मोजलं, फोर्क एकूण १७० मिलिमीटर दबू शकतो, त्यातले १५८ वापरले गेले होते. गाडी खरंच कडक असती तर पट्टा अर्ध्यावर राहिला असता ना. हातांना कडक लागतंय आणि पट्टा सांगतोय की फोर्क पार खाली जातोय. हे ज्याने बघितलं तो परत कधी नुसत्या हाताच्या अंदाजावर स्क्रू फिरवणार नाही, निदान मी तरी नाही.

त्यानंतर मागची बाजू. इथे चूक माझीच होती, गणपतीत बायकोला घेऊन कोल्हापूरला गेलो तेव्हा प्रीलोड ८ वर नेला होता तो तसाच राहिला. इंजिनखाली ठोकळा आणि जॅक लावून मागचं चाक लोंबतं केलं, एक्सलपासून वर शेपटीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेपर्यंत माप घेतलं. मग गाडी खाली, पोऱ्याने पुढून धरली, मी पूर्ण तयारीत, हेल्मेट, जॅकेट, पाठीवर बॅग, पाय फूटरेस्टवर, जसा रोज बसतो तसा. परत माप. दोन मापांमधला फरक म्हणजे सॅग, माणूस बसल्यावर गाडी किती बसते ते. ४१ मिलिमीटर आलं. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण किती वरखाली होऊ शकतं ते, १७७, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सॅग असावा लागतो म्हणजे ५३ ते ५९. माझी गाडी मागून उंच बसली होती, चाकाला खड्ड्यात खाली जायला जागा कमी. हूक पान्याने रिंग ८ वरून ५ वर आणली, परत बसवलं, परत माप, ५३. पोऱ्याने प्रत्येक माप दोनदा घेतलं, एकदा गाडी हलकेच दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून, आणि मधला आकडा धरला, कारण सीलच्या घर्षणामुळे गाडी दोन्ही वेळा वेगळ्या जागी थांबते.

प्रीलोडबद्दल एक गोष्ट त्यांनी ठासून सांगितली ती इथे देतो कारण आपल्याकडे हा गैरसमज घराघरात आहे. प्रीलोड आवळला की स्प्रिंग कडक होतो असं सगळे समजतात. स्प्रिंग तोच राहतो, गाडी फक्त वर उचलली जाते. मग सॅग संपतो आणि गाडी उडायला लागते म्हणून माणसाला ती कडक वाटते. वजन वाढलं तर प्रीलोड वाढवायचा, वजन उतरलं तर कमी करायचा, बस.

मग क्लिक. पुढचं रिबाउंड ३ वरून सरळ १५, फेरी. "एकावेळी एकच. दोन फिरयलंस तर कशान फरक पडलो ता कसा कळतला?" त्याच रस्त्याने, त्याच स्पीडने, त्याच पॅचवरून. पहिल्याच फेरीत मला हेल्मेटच्या आत हसू आलं, इतका फरक, जणू कोणीतरी रस्ता लाटून ठेवला. पॅच तोच आहे, दिसतोय डोळ्यांना, पण हाताला नुसतं थर थर आणि संपलं. मग १९ करून बघितलं तर उलटं झालं, स्पीड ब्रेकरनंतर पुढचं चाक दोनदा नाचलं, आणि परतीच्या डाव्या वळणात ब्रेक सोडल्याबरोबर फोर्क झपकन वर आला आणि गाडी आखलेल्या रेषेपासून बाहेर सरकली, हे घाटात झालं असतं तर समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला. परत १७. तिथे बसलं.

आणि आता गंमत नाही, खरी गोष्ट, कम्प्रेशन त्यांनी ढिलं नाही केलं, आवळलं. २२ वरून १८, मग १६, मग १४. गाडी आणखी मऊ लागली. मी तीन महिने ज्या दिशेने स्क्रू फिरवत होतो त्याच्या बरोबर उलट दिशेने आठ क्लिक. फोर्क आता वरच्या भागात राहून काम करतो, ब्रेकला नाक बुडत नाही, आणि झिप टाय त्याच पॅचवरून १२१ वर थांबला. म्हणजे मोठ्या खड्ड्यासाठी जवळजवळ ५० मिलिमीटर राखीव. मागचं रिबाउंड १२ वर ठेवलं, ते लवकर बसलं, दोनच फेऱ्या लागल्या.

सगळ्या फेऱ्यांत मिळून साडेतीन तास गेले. मजुरी ९०० रुपये. वहीतलं पान फाडून दिलं, त्यावर सगळे आकडे, तारीख, माझं वजन, आणि खाली वेगळ्या ओळीत दोन जण असतील तेव्हाचे, मागे प्रीलोड ८ आणि रिबाउंड ९, कारण स्प्रिंग जास्त दबला की जास्त जोराने उसळतो, त्याला धरायला रिबाउंड पण थोडं आवळावं लागतं, नुसता प्रीलोड वाढवून चालत नाही. तो कागद मी लॅमिनेट करून सीटखाली ठेवलाय. प्रीलोड बदलला की हेडलाइटचा झोत पण वरखाली होतो ते बघून घे म्हणाले, रात्री समोरच्याच्या डोळ्यात जायला नको.

महिन्याभराने परत गेलो ते फोर्कचं तेल बदलायला. दोन पावसाळ्यांनंतर आतून जे बाहेर आलं ते तेल वाटत नव्हतं, राखाडी पाणी आणि त्यात चमकी, ॲल्युमिनियमचा बारीक कीस. तेल जुनं झालं की डॅम्पिंग, म्हणजे तेलाची फोर्कला धरून ठेवायची ताकद, पातळ होतं आणि मग क्लिक कितीही फिरवा, घाटात अर्ध्या तासाने तेल तापलं की सेटिंग निसटतं. उजव्या फोर्कचं सील झिरपायला लागलं होतं तेही बदललं. आपल्या किनाऱ्यावर हे सगळ्यांनी मनावर घ्या असं मला मनापासून वाटतं, खारी हवा, पावसाळ्यात तांबडी माती, देवबाग तारकर्लीला गेलं की वाळू. ह्या उलट्या फोर्कमध्ये सील खालच्या बाजूला असतं, लाल चिखल थेट त्याच्यावर उडतो, वाळला की कानसीसारखा घासतो, आणि सील फुटलं की तेल नळीवरून ओघळून खाली ब्रेकच्या कॅलिपरवर. तेल लागलेला ब्रेक घेऊन आंबोली घाट उतरायचा विचार करा. मी आता आठवड्याला एकदा ओल्या मऊ फडक्याने नळी पुसतो, दोन मिनिटं लागतात. प्रेशरचा पाइप सीलवर मारायचा नाही, त्याने माती आत जाते.

कमी काय आहे तर फोन उचलत नाहीत, जाऊनच भेटावं लागतं. छापील बिल नाही. गणपती आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्या असतात तेव्हा चार चार दिवस नंबर लागत नाही. जागा लहान आहे, रस्त्याची धूळ येते, पण फोर्क उघडायच्या आधी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, टेबल पुसून स्वच्छ कागद अंथरला, तेव्हा ती शंका माझी मिटली. आणि स्प्रिंग बदलून हवी असेल तर ते करत नाहीत, पार्ट तुम्हीच मागवून आणायचा.

माझ्या बाजूला एक भाऊ त्यांची स्प्लेंडर घेऊन आलेले, मासळीच्या दोन पेट्या मागे लावून रोज मालवणहून फिरतात. त्यांनी विचारलं माझ्या गाडीला काय स्क्रू नाय, मग माका काय करशात? त्यांच्यासाठी मिस्त्रींनी मागचा प्रीलोड पेट्यांच्या हिशोबाने चढवला, तिला मागे पाच खाचा असतात, दोन्ही बाजूंना सारखी खाच आहे ना ते बघितलं (एका बाजूला दुसरी होती आणि चौथी दुसऱ्या बाजूला, इतके दिवस तसेच फिरत होते), पुढचं तेल बदललं आणि फोर्कच्या दोन्ही नळ्यांत मोजून सारखं भरलं. क्लिकर नसलेल्या गाडीत तेलाचा जाडपणा आणि तेलाची पातळी हेच तुमचे स्क्रू. त्यांच्याकडून २०० रुपये मजुरी घेतली, आणि माझ्याइतकाच वेळ उभं राहून समजावलं. हे मला फार आवडलं.

त्यानंतर तीनदा फोंडा घाटातून जाऊन आलो, एकदा भर पावसात दाजीपूरच्या बाजूने उतरलो. पावसात मी पुढचं कम्प्रेशन दोन क्लिक मोकळं करतो म्हणजे १६, ओल्या रस्त्यावर टायरला खालची जमीन जास्त कळते असं मला वाटतं, बाकी काही हलवत नाही. ब्रेक मारून वळणात शिरलं की नाक जेवढं जायला हवं तेवढंच जातं आणि तिथेच राहतं, ब्रेक सोडला की हळूच उठतं, मागचं चाक मागोमाग येतं. कट्ट्याच्या पुढच्या पॅचवरून आता मी डबा उभा ठेवून जातो, आमटी सांडत नाही. मनगटाची पट्टी कपाटात पडून आहे.

जाणार असाल तर गाडी आदल्या दिवशी धुवून, सुकवून न्या, चिखलाची गाडी ते हातात घेत नाहीत. आणि रोजची बॅग, जॅकेट, हेल्मेट सोबत घ्या, नाहीतर सॅग मोजायला परत घरी पाठवतात, माझ्यासमोर एकाला सावंतवाडीला परत पाठवलं.